डबा उजवीकडे द्यायचा

टॉवेलच्या कारखान्यात कापूस उडत असतो. उडताना दिसत नाही. संध्याकाळी घरी जाऊन केसांत हात घातला की कळतं, दिवसभरात किती साचलाय ते. किश्शांचंही तसंच. घडताना कुणाचं लक्ष नसतं. मी निवृत्तीला आलो, काळजीनं मागचं सगळं आठवत बसायला लागलो, तेव्हा हे एकेक निघत गेले.

काळजी हा माझा जुना आजार. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या आमच्या युनिटमध्ये मी चेकिंग टेबलावर होतो. लूमवरून आलेला टॉवेल पसरायचा, त्यावरून तळहात फिरवायचा, दोष लागला की खडूनं खूण करून सेकंड मालात टाकायचा. उमेदीची सगळी वर्षं ह्यात गेली. माझं नाव दिलीप, पण युनिटमध्ये सगळे मला 'काळजीवाहू' म्हणत. सरकार पडल्यावर काळजीवाहू मुख्यमंत्री असतो ना, तसा. फरक इतकाच की माझ्या बाबतीत सरकार अजून पडलेलंच नसायचं.

*

दुपारी जेवायला आम्ही चौघं. सेकंड मालाच्या गठ्ठ्यांवर गोल करून बसायचो. माझ्या डावीकडे कलावतीअक्का. त्या शिलाईला होत्या, माहेर अक्कलकोटच्या पुढं हद्दीवरचं, त्यामुळे राग आला की कानडी. उजवीकडे रसूलभाई, आमचा टेम्पोवाला. समोर व्यंकटेशअण्णा, म्हणजे जॉबर. लूम बिघडला की दुरुस्त करतो तो जॉबर. अण्णा घरी तेलुगू बोलत, आमच्याशी मराठी, आणि लूमला शिव्या दोन्हींत देत.

पूर्वी आम्ही आपापला डबा खायचो आणि आपापल्या डब्याला नावं ठेवायचो. मी म्हणायचो, "पुन्हा वांगं." अण्णा म्हणायचे, "आमच्या सुनेच्या हाताला मीठच न्हाई बघ." एक दिवस अक्कांचं डोकं फिरलं.

"उद्यापासनं डबा उजवीकडं द्यायचा," त्या म्हणाल्या. "आन आता ठेवा नावं. दुसऱ्याच्या बायकूला ठेवा की. बघू तरी."

झालं. तेव्हापासून अक्कांचा डबा मला, माझा रसूलभाईला, रसूलभाईचा अण्णांना आणि अण्णांचा अक्कांना. मटण फक्त रसूलभाईच्या डब्यात असायचं आणि ते थेट अण्णांकडे, म्हणजे आमच्यातल्या दुसऱ्या खाणाऱ्याकडे, जायचं. बसायच्या जागा अक्कांनी विचार करून लावल्या होत्या.

जेवून झालं की ज्याचं खाल्लं त्याचा डबा नळावर घासून परत द्यायचा. मी दिलेला डबा अक्का उघडायच्या आणि आतून बोटं फिरवून बघायच्या, अगदी मी टॉवेल बघतो तशा. तेलकट लागला की म्हणायच्या, "सेकंड." मी परत नळावर.

*

माझा चुलतभाऊ दवाखान्यात होता. छातीत दुखत होतं, सगळे घाबरलेले. मी शेजारी जाऊन बसलो. धीर द्यावा म्हणून हात पुढं केला, आणि तो हात त्याच्या हातावर जायच्याऐवजी चादरीवर गेला. कधी फिरायला लागला मला कळलंच नाही.

भाऊ डोळे उघडून बघत होता. "दिल्या, मी मरायला टेकलोय आन तू चादर तपासतोस?"

"वीण सैल आहे रे," मी म्हणालो.

तो इतका हसला की नर्स धावत आली आणि मला बाहेर काढलं. भाऊ बरा झाला. आजही कुठल्याही लग्नात भेटला की सगळ्यांना हे सांगतो. मीही हसतो. पण बाहेरच्या बाकड्यावर बसलो होतो तेव्हा हसू आलं नव्हतं. माणसाजवळ गेलो तरी आपल्याला कापडच दिसतं की काय, अशी धास्ती तिथं पहिल्यांदा बसली.

*

मालकांच्या मुलानं एकदा पुण्याहून ट्रेनर आणला. विषय होता 'आयुष्याचा उद्देश'. त्यासाठी सगळे लूम बंद ठेवले. ट्रेनर चांगला होता, तरुण, हसतमुख. म्हणाला, "डोळे मिटा. शांतता ऐका."

आता लूमच्या माणसाला शांतता म्हणजे बातमी असते, आणि बहुतेक वाईट. खटखट थांबली म्हणजे एकतर लाईट गेलीय, नाहीतर काहीतरी तुटलंय. थोडा वेळ सगळे कसेबसे बसले. मग अण्णांना राहवेना. पान्हा घेऊन उठले आणि चालायला लागले.

"अण्णा, कुठं?" ट्रेनरनं विचारलं.

"शांती नंतर ऐकतो साहेब. आधी काय मोडलंय बघून येतो."

ट्रेनर स्वतःही हसला. मग एकेकाला विचारायला लागला, तुमच्या जगण्याचा उद्देश काय? रसूलभाई म्हणाला, "सर, मेरेकू पाचच्या आत होटगीला माल टाकायचाय. उद्देश परत येऊन सांगतो." मग माझी पाळी आली. मी म्हणालो, "मी... दोष शोधतो."

सगळे हसले. मला खरं तर सांगायचं होतं की ह्याशिवाय मला काहीच येत नाही, आणि निवृत्तीचं वर्ष जवळ आलंय, आणि त्यानंतर सकाळी उठून कशासाठी तयार व्हायचं हे मला माहीत नाही. पण एवढ्या माणसांसमोर असलं कसं बोलणार?

दुपारी ट्रेनर आमच्यातच जेवायला बसला, अण्णा आणि अक्कांच्या मधे. नियम तो नियम, त्याचा डबा उजवीकडे गेला. अक्कांनी उघडला तर आत काकडीचे काप आणि उकडलेले मूग. अक्कांनी झाकण परत लावलं.

"सगळ्यांला आनंद शिकवीत फिरतंय लेकरू," त्या म्हणाल्या, "आन घरातनं ह्ये बांधून देत्यात व्हय त्याला?"

माझ्या हातातला डबा ओढून त्यांनी शेंगाची चटणी आणि अर्धी भाकरी त्याला वाढली. जाताना तो अक्कांच्या पाया पडला. उद्देशाचं त्यांनी त्याला काहीच सांगितलं नव्हतं.

*

अण्णा माझ्या आधी निवृत्त झाले होते. सत्कार झाला, हार घातले, फोटो निघाले. दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णा गेटवर हजर.

"चष्मा विसरला होता," म्हणाले. चष्मा नाकावरच होता.

त्याच्या दुसऱ्या दिवशी पान्हा विसरला होता. मग छत्री, तीही भर उन्हाळ्यात. मग आणायला काही उरलं नाही, तेव्हा ते नुसतेच आले आणि सात नंबरच्या लूमपाशी उभे राहिले. मालकांनी हात जोडले. "अण्णा, तुम्ही कामावरच या. रोज नवीन वस्तू हरवायला तुमच्याकडे आहेत तरी किती?"

हा किस्सा आम्ही पुन्हा पुन्हा सांगायचो आणि दरवेळी मी स्वतःचा हिशोब मांडायचो. जॉबरशिवाय लूम अडतो. चेकिंगचं काय? माझ्या हाताखाली शिकलेली पोरगी माझ्यापेक्षा भराभर खुणा करायला लागली होती. चष्मा विसरून मी गेलो असतो, तर कुणीतरी तो आणून दिला असता आणि वर चहा पाजला असता.

त्याहून वाईट म्हणजे मी मनातल्या मनात आमचा गोल काढून बघितला. मी उठलो की अक्कांचा डबा सरळ रसूलभाईकडे जाईल. बाकी सगळं तसंच. दोन दिवसांत सवय होईल. मधे एक माणूस बसत होता, हे गठ्ठ्यांनाही आठवणार नाही.

*

म्हणून मी व्हॉट्सॲप ग्रुप काढला. नाव ठेवलं 'डबा'. निवृत्तीनंतर संबंध राहावेत हा हेतू. रोज सकाळी फूल आणि सुविचार टाकायचो. सगळ्यांच्या निळ्या खुणा यायच्या, उत्तर एकाचंही नाही. आठवडाभर कळ काढली आणि मग जेवताना विषय काढला.

रसूलभाई म्हणाला, "दिलीपभाऊ, तुमी तर हितं शेजारी बसताय. मोबाईलमधी कशाला बोलवताय?"

"पण मी नसेन तेव्हा?"

"तेव्हाचं तेव्हा." आणि त्यानं माझ्या डब्यातलं वांगं पुसून खाल्लं.

अण्णा म्हणाले, "तू ते फूल टाकतोस ना, त्याच्या पाकळ्या वाकड्या हायत."

अण्णा खरंच तपासत होते की मला चिडवत होते, ते अजून कळलेलं नाही. ग्रुपवर मग मीही काही टाकेनासा झालो.

*

बायको, सुमन, म्हणाली, एकदा हास्यक्लबला जाऊन बघा, चार माणसं भेटतील. गेलो. बागेत सगळे हात वर करून हसत होते. माझ्या शेजारचे आजोबा हसता हसता लाल झाले, त्यांना दम लागला. मी घाबरलो. त्यांची पाठ चोळली, पाणी आणलं, घरी फोन करू का विचारलं.

आजोबा डोळे पुसत म्हणाले, "काही झालं नाही हो मला. इतके दिवस खोटं हसत होतो. आज तुमचा चेहरा बघितला आणि खरंच हसू आलं."

घरी आल्यावर सुमननं विचारलं, "आलं का हसायला?"

"मला नाही," मी म्हणालो.

*

निवृत्तीला आमच्याकडे टॉवेल, टोपी आणि नारळ देतात. जन्मभर टॉवेल केलेल्या माणसालाही टॉवेलच. माझा टॉवेल अण्णांनी स्वतः सात नंबरवर काढला होता. मालकांनी तो माझ्या खांद्यावर टाकला आणि भाषण सुरू केलं. प्रामाणिक, कष्टाळू, कुटुंबातला माणूस, असं चाललं होतं. माझं लक्ष नव्हतं. हात टॉवेलवरून फिरायला लागला होता.

काठाजवळ एक आडवा धागा सुटलेला.

मी स्वतःला आवरायचा प्रयत्न केला. पण खिशात खडू होता. भाषण चालू असताना मी टॉवेल उतरवला, मांडीवर पसरला आणि खूण केली. मालक बोलायचे थांबले. त्यांच्या मुलाचा चेहरा पडला. कुणाकडे बघावं मला कळेना.

"सापडला?" मागून अण्णांनी विचारलं.

"सापडला."

"मुद्दाम सोडलाय. तू न बघता घरी घेऊन गेला असतास, तर मला काळजी लागली असती."

सगळे हसले, टाळ्या वाजल्या. मी टोपी डोळ्यांवर ओढून घेतली.

पण त्या दुपारचं जेवण रोजच्यासारखंच झालं, आणि तेच मला लागलं. रसूलभाई टायरबद्दल बोलत होता, अण्णा पाणी येत नाही म्हणून वैतागले होते. 'येत जा' असं कुणी म्हणालं नाही. जेवून मी अक्कांचा डबा घासून दिला. वाटलं, आज तरी पास म्हणतील. त्यांनी आत बोटं फिरवली.

"सेकंड," म्हणाल्या.

मी परत नळावर गेलो. ह्या वेळी जरा जास्तच वेळ लावला, कारण तोंडही धुवायचं होतं.

*

घरी बसल्याचा पहिला दिवस. सकाळी सवयीनं दाढी केली, शर्ट इस्त्रीचा घातला, आणि मग पलंगावर बसून राहिलो. पेपर दोनदा वाचला. पडद्यावरून हात फिरवला, पडदा चांगला निघाला. सुमन सकाळपासून स्वयंपाकघरात होती. मी तिला काही विचारलं नाही, तिनंही काही सांगितलं नाही.

जेवायची वेळ झाली. घड्याळाकडे बघितलं की युनिटमधला भोंगा कानात वाजत होता. आता गठ्ठे ओढले असतील, अक्कांनी डबा उजवीकडे दिला असेल, रसूलभाईनं झाकण उघडलं असेल. सुमनला म्हणालो, "वाढतेस का?"

"थांबा जरा."

"आता कशाला थांबायचं?"

"भूक धरवत नसेल तर केळं खा," ती म्हणाली आणि आत गेली.

बाहेर हॉर्न वाजला. परत वाजला. मी दार उघडलं. दारात टेम्पो, इंजिन चालूच. रसूलभाई घामानं भिजलेला, हातात अक्कांचा डबा.

"हा घ्या," तो म्हणाला. "आन तुमचा द्या लवकर. सकाळपासनं उपाशी हाय मी."

माझा डबा कुठला देणार? तेवढ्यात सुमन मागून आली. तिच्या हातात माझा डबा होता, भरलेला, रोजच्या फडक्यात बांधलेला.

"वांगं आहे हं भाऊजी," ती म्हणाली.

"चालतंय की भाभी." त्यानं डबा सीटवर ठेवला, गिअर टाकला आणि टेम्पो थोडा पुढं जाऊन पुन्हा थांबला. त्यानं खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

"दिलीपभाऊ, अक्कांनी निरोप दिलाय. डबा नीट घासून ठेवा. उद्या मी परत नेल्यावर त्या बघणार हायत."