भगवानआबांचा नकार

भगवानआबांनी खांद्यावरचा टॉवेल झटकला, की बैठकीतली माणसं उठायला लागत. आबा नाही म्हणाले, विषय संपला. चुडाव्याजवळच्या आमच्या गावात पाच मोठ्या घरांना पिढ्यानपिढ्या हा मान होता. त्यांतल्या एकानेही नकार दिला, तर काम अडायचं. ग्रामसभा व्हायची, पण नंतर, सह्यांपुरती.

आमच्या बौद्धवाड्याचा रस्ता असाच अडला होता. तो आबांच्या शेताच्या कडेने जाणार होता. पावसाळ्यात आजारी माणसाला बाजेवर घालून काळ्या चिखलातून न्यावं लागे.

माझी आई पंचायतीवर निवडून आली आणि पहिल्याच बैठकीत तिनं रस्ता मागितला. आबांनी टॉवेल झटकला. लोक उठले. आई बसूनच राहिली.

"आबा, नाही मनलात, ठीक हाय. पण कारण सांगा."

आबा टॉवेल पुन्हा खांद्यावर टाकून घरी गेले.

पुढच्या ग्रामसभेत ते स्वतःच उभे राहिले. "माझ्या आज्यापासून आमी नाही मनायलाव. कारण कुणी इचारलंच न्हाई. ह्या बाईनं इचारलं, अन् मला सांगता आलं न्हाई. आता पाच घराचं नाही बंद. हात वर करा. माझा बी एकच हात."

रस्ता मंजूर झाला. बाकीची चारही घरं आबांच्या भावकीतली. त्यांनी बोलणं सोडलं. आबांच्या नातीच्या लग्नालाही त्यांतलं कुणी आलं नाही. पुढे आबांनी मंदिरापुढे सभामंडप मागितला, तर गावानं शाळेच्या खोल्यांना मतं दिली. चुलतभावानं टोमणा मारला, "आता कळलं का?"

"कळलं. जास्त हात तिकडं व्हते," आबा म्हणाले, आणि खोल्यांच्या पायाभरणीला सगळ्यांआधी येऊन बसले. त्याच खोल्यांत मी आज शिकवते.

गेल्या वर्षी आबा गेले. त्याआधी मी त्यांना भेटायला गेले होते. म्हटलं, "आबा, तुमच्यामुळं रस्ता झाला. आमी शिकलो."

"तुज्या मायमुळं. मी तर अडवून बसलो व्हतो."

"भावकी तुटली, त्याचं वाईट वाटतं का?"

"वाटतं की. लग्नात रिकामी पंगत बघवली न्हाई." जरा दम घेऊन ते म्हणाले, "पण आता लोक माझ्या ओसरीवर चहा पीत मला नाही मनतेत. पहिलं भेऊन कुणी खरं बोलायचं न्हाई. तवा लय एकटं वाटायचं, पोरी."