नागावकर सरांची राखण

डॉ. मनोहर नागावकर यांची आणि माझी पहिली भेट एका करदोट्यामुळे झाली. अलिबागच्या एमआरआय केंद्रात चित्रं वाचणारी डॉक्टर म्हणून मी नुकतीच रुजू झाले होते. प्रोस्टेटच्या तपासणीसाठी आलेले एक आजोबा कमरेचा चांदीचा करदोटा काढायला तयार नव्हते. "मेल्यावर काढतात तो, बाई. मी अजून जिता हाय," असं म्हणून ते बाकावर जाऊन बसले. धातू आत चालत नाही हे मी पुन्हा पुन्हा सांगितलं, आवाजही चढवला. तेवढ्यात त्यांना पाठवणारे शल्यचिकित्सक, म्हणजे आमचे सर, आले. त्यांनी शेजारच्या दुकानातून काळा दोरा आणवला, आधी तो आजोबांच्या कमरेला बांधला आणि मगच चांदीचा सोडवला. आजोबा मुकाट्याने आत गेले. "उरलेला दोरा इथेच ठेवा, लागेल," एवढंच सर मला म्हणाले.

सरांचं काम वरवर पाहिलं तर काही न करण्याचं आहे. प्रोस्टेटचा कर्करोग पुष्कळदा इतका सुस्त असतो, की रोगापेक्षा ऑपरेशनचाच त्रास जास्त. अशा पुरुषांना सर औषधही देत नाहीत. ठरावीक काळाने रक्त तपासायचं, एमआरआय काढायचा, गरज पडली तर सुईने ग्रंथीचा तुकडा तपासायला घ्यायचा. बदल दिसला की मात्र वेळ न दवडता उपचार. हे आपल्या किनाऱ्यावरच्या पुरुषांना पटवणं म्हणजे भिंतीवर डोकं आपटणं होतं.

सुरुवातीला घोटाळा केला तो एका शब्दाने. काशीदला पर्यटकांना खोल्या देणारे एक गृहस्थ होते. त्यांना सर म्हणाले, "आत्ता काही करायचं नाही. आपण बघू." आता 'बघू'चा अर्थ आपल्याकडे कोणाला सांगायला हवा? स्थळ पसंत नसलं की बघू, वर्गणी द्यायची नसली की बघू. त्यांनी घरी जाऊन सांगितलं, "डॉक्टर बघू बोलले. म्हंजी आपलं आटपलं." मुंबईहून नातेवाईक आले, जमिनीच्या वाटणीचा विषय निघाला. ठरल्या दिवशी हे तपासणीला आले नाहीत म्हणून सर स्वतः काशीदला गेले, तर पडवीत माणसं माना खाली घालून बसलेली. कोणीतरी सरांनाच हळूच विचारलं, "शेवटचं बघायला आलात काय?" रुग्ण मागच्या दारी नारळ सोलत होते.

सरांनी त्या दिवसापासून 'बघू' हा शब्द दवाखान्यातून हद्दपार केला आणि 'राखण' म्हणायला सुरुवात केली. "बागेत माकड दिसलं म्हणून पोफळी कोणी तोडतं का? राखण बसवतो. मी तुमची राखण करतो." हे लोकांना कळलं. ते काशीदचे गृहस्थ अजून नेमाने येतात, जमिनीची वाटणी मात्र झाली ती झालीच.

दर शनिवारी सर माझ्या शेजारी बसून प्रत्येकाचं जुनं चित्र आणि नवं चित्र ताडून पाहतात. 'बदल नाही' हे मी अहवालाच्या तळाशी लिहीत असे. सरांनी ते सर्वांत वर आणायला लावलं. "तो माणूस आठवडाभर झोपलेला नसतो हो. त्याला आधी ते वाचू द्या."

पण सरांच्या पंचाहत्तरीचा गौरवग्रंथ झाला तरी खोटं लिहू नये. ही राखण पुष्कळदा हरते. श्रीवर्धनच्या एका बागायतदारांना आम्ही वर्षानुवर्षं 'बदल नाही' कळवलं आणि त्यांनी रोग गेलाच असं धरलं. मग लग्नसराई, मग सुपारीचा हंगाम, तपासणी राहतच गेली. शेवटी आले ते पाठ धरून. कर्करोग मणक्यात उतरला होता. "मी तर बरा होतो ना, सर?" असं ते विचारत राहिले. ते गेल्यावर सर म्हणाले, "चांगल्या बातम्या देऊन देऊन मी त्याला घालवला." चित्रं पूर्वीपेक्षा किती स्पष्ट दिसतात, आणि माणसं तशीच हातातून निसटतात. आताशा शनिवारी चित्रं ताडायला त्या खुर्चीवर मला बसवत नाही.

सर स्वतःही काही वर्षं याच राखणीखाली आहेत. हे गुपित नाही. घाबरलेल्या रुग्णाला ते स्वतःचाच एमआरआय दाखवतात, आणि हे छापायलाही त्यांनी मला परवानगी दिली आहे. या वर्षीचं त्यांचं चित्र मीच वाचलं. कर्करोगाचा डाग वाढला आहे, ग्रंथीच्या कडेला टेकला आहे. उपचारांसाठी काही आठवडे मुंबईत राहावं लागेल, आणि तिथेच सगळं अडलं. सरांच्या पत्नी, सुमतीकाकू, आता कोणालाच ओळखत नाहीत. त्या सरांच्या हातूनच जेवतात. दुसऱ्या कोणी घास पुढे केला की तोंड घट्ट मिटून घेतात. "तिला उपाशी ठेवून मी तिकडे काय बरा होऊ?" सर म्हणाले. मी भांडले, त्यांच्यासमोर रडले. आता विषय काढला की ते उठून जातात.

अमृतमहोत्सवाच्या लेखात शेवटी दीर्घायुष्य चिंतायचं असतं. ते चित्र पाहिलेलं असताना मला ते सहज लिहवत नाही. म्हणून सर, इथे सगळ्यांसमोर तुम्हालाच सांगते. गुरुवारी तुम्ही आगरदांड्याच्या दवाखान्यात असता तेव्हा मी तुमच्या घरी जाते. तुमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींना गप्प राहायला मीच सांगितलं होतं. किती गुरुवार काकूंनी माझा हात ढकलला, वाटी लवंडली, आणि मी हात हलवत परत आले. मग एकदा खुंटीवरचा तुमचा सदरा अंगात घालून बसले. काकूंनी बाही नाकाशी धरली, बराच वेळ धरली, आणि तोंड उघडलं. गेल्या गुरुवारी त्यांनी माझ्या हातून सगळा मऊ भात खाल्ला.

डाग अजून कडेच्या आत आहे, सर. मुंबईला जा, बरे होऊन या, पुष्कळ जगा. जाताना तेवढे अंगावर वापरलेले सदरे न धुता ठेवून जा.