गवई सरांसाठी केलेलं सेटअप

"मॅडम, तुमचं सेटअप काही बोलूनच नाही राहिलं," अचलपूरहून गवई सरांचा फोन आला.

सर अंध मुलांच्या शाळेत शिकवायचे. स्वतःही अंध. मराठी मजकुराचं ब्रेल करून छापणारा आमचा प्रोग्राम ते वापरायचे. शाळेत नवे कॉम्प्युटर आले होते आणि चार दिवसांनी मुलांची परीक्षा होती.

आधी मीच अमरावतीहून एसटीनं जाऊन इन्स्टॉल करून यायची. प्रोग्राम एकटा चालत नाही. त्याला छोटे तयार भाग लागतात, त्यांना मॉड्यूल म्हणतात. एक अक्षरं ओळखतो, एक ठिपके मांडतो, एक प्रिंटरशी बोलतो. माझ्या मशीनवर ते सगळे होते. दुसरीकडे एखादा नसला की प्रोग्राम सुरूच होत नसे.

आमचे बॉस देशमुख सर म्हणाले, "किती खेपा मारशील? सारं एका फाईलमधी बांध अन् त्याहिले पेन ड्राइव्ह पाठवून दे."

मी तसं सेटअप बांधलं. वर हौसेनं रंगीत विंडो केली, चित्रांची बटणं लावली. तेच सेटअप आता गवई सरांसमोर गप्प बसलं होतं.

"सर, खाली हिरवं बटण दिसते ना? ते दाबा," मी सवयीनं बोलून गेले.

सर म्हणाले, "दिसत असतं तर तुमचा प्रोग्राम काहून घेतला असता?"

आवाजात राग नव्हता. म्हणूनच मला जास्त शरमल्यासारखं झालं.

सरांचा कॉम्प्युटर पडद्यावरचे शब्द वाचून दाखवायचा. माझ्या बटणांवर शब्दच नव्हते. मी चित्रं काढून टाकली, प्रत्येक बटणाला नाव दिलं. मग मॉनिटर बंद करून, नुसतं ऐकत स्वतः इन्स्टॉल करून पाहिलं. पहिल्यांदा मधेच हरवले. तिसऱ्यांदा जमलं.

दुसऱ्या दिवशी अचलपूर गाठलं. सर म्हणाले, "तुमी फक्त बसा. हात लावू नका." त्यांनी ऐकत ऐकत एकेक की दाबली. थोड्या वेळानं प्रिंटर जाड कागदावर टकटक करत परीक्षेच्या पेपरचे ठिपके उमटवू लागला. सरांनी पहिल्या पानावरून बोटं फिरवली.

"तिसऱ्या प्रश्नात वेलांटी चुकली," ते म्हणाले. "पण ते माहं टायपिंग आहे. तुमचं बरोबर आहे."

बाकीच्या मशीनवरही त्यांनीच इन्स्टॉल केलं. पेपर वेळेवर निघाले. पुढं मला तिकडे बोलावणं आलंच नाही, आणि खरं सांगायचं तर त्या खेपांची आठवण येत राहिली.

ज्याच्यासाठी वस्तू करायची, त्याला आधी विचारावं. कॉलेजात हे कुठल्याच पेपरात नव्हतं.