दाराशी मेलेली डॉक्टरीण

आदेल पारे पहिल्यांदा आमच्या गावात आली तेव्हा मला वाटलं, एखादं वारूळच मोपेड चालवायला शिकलंय. अंगावर इतकी लाल धूळ, की तिनं डोळे उघडताच माझ्या दुकानातली दोन गिऱ्हाइकं पळाली. त्यातल्या एकाची सायकल अजून माझ्याकडे दुरुस्त होऊन पडलीय.

वारूळ म्हणालं, "काय रे मोसी, माझ्या गुलामा, अजून जिवंत?"

म्हणजे बाई सामो! मी ओरडलो, "कुत्री आत घ्या रे, सामो आलीय, शिजवून खाईल!"

सामो आणि आम्ही मोसी, या दोन जमाती पिढीजात थट्टेचे सोयरे. त्यांनी कितीही शिव्या घातल्या तरी आम्ही रागवायचं नाही. आमच्या मयतालासुद्धा सामो येऊन मेल्याचं सोंग घेतो आणि मागेल ते दिल्याशिवाय उठत नाही.

आदेल साथीच्या रोगांची डॉक्टर. मान ताठ करून मारणाऱ्या तापाच्या मागावर तिनं उमेदीची सगळी वर्षं घातली. ज्वारीची दारू विकणाऱ्या बायकांच्या माठाशी बसून, कुणाची मान अवघडलीय का, एवढंच ती विचारायची. बाकीच्या चहाड्या फुकटात मिळायच्या. अशीच शेजारच्या गावातली साथ तिला कळली आणि ती आमच्याकडे लस घेऊन धावली.

गावातल्या टिंगाकाकांनी मात्र वाड्याचं दार लावून घेतलं. आत त्यांची डझनावारी नातवंडं. "सुईनं पोरं वांझ होतात," ते आतून म्हणाले.

आदेल दारातच आडवी झाली. "मोसींनी मला मारलं! पुरा, नाहीतर दार उघडा!"

"ऊठ गं बये, उन्हात वास मारशील."

"म्हाताऱ्या, काल पलीकडच्या गावात एक पोर खरीच मेली. माझ्या मांडीवर. मी खोटी मेले तर तुझं काय जातंय?"

मग कडी वाजली.

"आधी मला टोच," काका बाही वर करत म्हणाले.

"तुझं वय गेलं. ही तरुणांसाठी आहे."

"सामोनं मला म्हातारा ठरवलं!" काका भयंकर चिडले, आणि त्याच रागात एकेक नातवंड धरून तिच्यापुढे उभं करत राहिले.

त्या उन्हाळ्यात आमच्या गावात कुणाचीही मान ताठ झाली नाही. वर कळवायला काहीच नसल्यामुळे, या भागाला डॉक्टरची गरज नाही असं ठरलं, आणि आदेलची बदली झाली.