मॅडमनं फळ्यावर लिहिलं
मित्रमैत्रिणींनो, आज नवा रायपूरले आर्किटेक्ट व्हायची परीक्षा देऊन आली. अजून हवेतच आहे.

मले ऐकू येत नाही, हे तुम्हाले माहीतच आहे. मागच्या वेळी पेपर सुरू झाल्यावर वर्गावर देखरेख करणाऱ्या मॅडमनं तोंडी सांगितलं, नकाशातली उत्तर दिशा चुकली आहे, बदलून घ्या. मले कळलंच नाही. पेपरात काढलेल्या माझ्या घराच्या साऱ्या खिडक्या भर उन्हाकडे उघडल्या आन् मी नापास झाली.

म्हणून आज आधीच चिठ्ठी दिली, "मॅडम, जो भी बोलेंगी, बोर्ड पर लिख देंगी क्या?"

त्यांनी वाचली, थोडा विचार केला आन् खडू उचलला. एकेक सूचना फळ्यावर आली.

पेपर सुटल्यावर मागच्या बाकावरच्या पोट्टीनं मोबाईलवर टाइप करून दाखवलं, "थँक्यू दीदी, पीछे तक आवाज़ ही नहीं आती."

परत येताना बसमधून रुंद रस्त्याकडेचे मोकळे प्लॉट पाहत राहिली. प्रत्येकावर मनातल्या मनात एकेक घर बांधत गेली. निकाल काहीही लागो, आज प्रश्न तरी पूर्ण कळला होता.

तुमच्याकडे फक्त तोंडीच सांगतात, असं काय काय आहे? ते कोणापर्यंत पोचत नसेल?