भानुदासचा फायबरचा वर्ग

भानुदास गेल्याचा फोन आला तेव्हा मी दौंडला माझ्या शेडमध्ये एका साच्याला मेण लावत होतो. पुण्याच्या दवाखान्यातून त्याचा चुलतभाऊ बोलत होता. "पहाटं दम लागला... डॉक्टरांनी केलं सगळं, पण न्हाई राहिला." मी फोन ठेवला आणि परत येऊन तोच साचा पुसत बसलो. अशा वेळी काय करायचं असतं ते कळलंच नाही. त्याला आता दीड महिना होत आला... अजूनही कळत नाही.

भानुदास निमोण्याचा. आबांनी, म्हणजे त्याच्या वडिलांनी, अर्धं आयुष्य मेंढरांमागे काढलं आणि मग गावात थोडी जमीन धरून घर बांधलं. आम्ही दोघांनी एकाच बाकावर बसून डिप्लोमा केला. त्याला पुण्यात फायबरग्लासच्या कंपनीत चांगली नोकरी लागली. काचेच्या तंतूंची मॅट साच्यावर अंथरायची, तिच्यात रेझिन, म्हणजे चिकट पातळ राळ, जिरवायचं, वाळलं की पत्र्याहून हलकी आणि कधी न गंजणारी वस्तू हातात येते. हे त्याला जादूसारखं वाटायचं. नव्वदचं दशक सरता सरता तो नोकरी सोडून आला आणि शिरूरला एका भाड्याच्या शेडमध्ये त्यानं छोट्या कारखानदारांसाठी वर्ग सुरू केला. मी त्याला वेड्यात काढलं, तर म्हणाला, "कंपनीचं माझ्यावाचून काय अडत न्हाई. आपल्याकडच्या पत्रेवाल्याला कोण शिकवणार, सांग की."

आणि शिकवायचाही कसा! मे महिन्यात शेडचा पत्रा तापलेला, कुणीतरी रेझिनमध्ये ते घट्ट करणारं हार्डनर जास्त ओतलं आणि मगातून धूर निघाला. सगळे मागे सरले. भानुदास शांतपणे म्हणाला, "घाबरू नका. हे विरजणासारखं हाय. उन्हाळ्यात कमी लावायचं, थंडीत जास्त." त्यावर यवतच्या मंगलताई पदर सावरत म्हणाल्या, "मग सर, हे आमाला आधीच सांगायचं! दही लावण्यात आमची हयात गेली." सगळा वर्ग हसला, सर्वांत जास्त भानुदास. मंगलताईंचे मालक टेम्पोच्या बॉड्या बांधायचे. ते अपघातात गेल्यावर बाईंनी वर्कशॉप बंद केलं नाही. ट्रॅक्टरची फायबरची छतं करायची, असं त्यांनी मनात घेतलं होतं.

पुढं त्याचा दमा वाढला. कंपनीतल्या पहिल्या वर्षांत तो मास्कशिवाय रेझिनच्या वाफेत राबला होता, तेच बाधलं असावं. डॉक्टरांनी बजावलं, यापुढं शेडमध्ये पाऊल टाकायचं नाही. मला वाटलं, आता वर्ग संपला. पण पुढच्या सोमवारी नेहमीसारखा वर्गाला मदतीला गेलो तर हा खिडकीबाहेर खुर्ची टाकून बसलेला, आणि आतल्या लोकांना ओरडून सांगतोय, "रोलर दाबून फिरवा, हवा राहू देऊ नका! मास्क वर घ्या आधी!" बोलता बोलता धाप लागायची. मग हातानं थांबा म्हणायचा... आणि आत सगळे हातातलं काम धरून थांबायचे.

मंगलताईंचं पहिलं छत साच्याला चिकटलं, तो दिवस मी विसरणार नाही. साचा त्यांनी उन्हाळाभर खपून घडवला होता. ओढाओढीत तो तडकला असता. बाई मटकन खाली बसल्या. मी वळून पाहिलं तर खुर्ची रिकामी, आणि भानुदास आत. "बाहेर हो!" मी ओरडलो. ताईही उठल्या, "सर, छत गेलं तर जाऊ द्या, तुम्ही बाहेर व्हा." तो लाकडी पाचर बसवत एवढंच म्हणाला, "साचा फुटला तर ताई परत उभ्या राहायच्या न्हाईत." फटीत पाणी सोडत, रबरी हातोड्यानं हळूहळू ठोकत तो दुपारभर झुंजला. छत सुटलं, अखंड सुटलं. त्याला आम्ही धरून बाहेर आणलं. ओठ निळसर पडले होते, तरी हसत होता. त्यानंतर काही महिन्यांतच तो गेला.

दहाव्याला मंगलताई निमोण्याला आल्या. बराच वेळ कडेला बसून होत्या. मग आबांपुढं जाऊन म्हणाल्या, "आबा, माझ्यापायी गेलं का हो सर?" आबांनी मान हलवली. "न्हाई बाई. तुझं छत निघालं त्या दिशी घरी येऊन दोन टायमाचं जेवण एकदम जेवला त्यो. इतका खूश मी त्याला कवाच बघितला नव्हता." ताईंनी तोंडाला पदर लावला आणि त्या हमसून रडल्या.

परवा पुन्हा आबांकडे गेलो. अंगणात भानुदासची मोटरसायकल उभी होती, लख्ख पुसलेली. भानुदासचं लग्न राहूनच गेलं. घरात आता आबा आणि आई, दोघंच. आईला दिसत नाही फारसं, आणि हल्ली आठवणही राहत नाही. मी म्हटलं, "आबा, गाडी मधनंमधनं चालू करत जा. नाहीतर बंद पडेल."

आबा गाडीची सीट पुसत राहिले.

"केली होती की येकदा," ते म्हणाले. "आवाज ऐकून म्हातारी पाण्याचा तांब्या घिऊन दारात आली. मला म्हणली, आज लवकर आला जणू... तवापासनं नुसती पुसतो."