पलंगपोसाची उलटी बाजू

सुरतेत एम्ब्रॉयडरी हा शब्द कुणी कुणाला समजावून सांगत नाही. बमरोलीच्या गल्लीत उभं राहिलं की तो कानावरच आदळतो. लांबलचक मशीनच्या सगळ्या सुया एकदम खाली येतात, एकदम वर जातात आणि साडीवर फुलं उमटत जातात. माझी सगळी नोकरी त्याच आवाजात झाली, एका शेठच्या कारखान्यात, युनिटवर. मी डिझाइन पंच करणारा, म्हणजे सुईने कुठे टाका घ्यायचा ते कॉम्प्युटरवर आखून देणारा मास्टर. भाची इंग्रजी शाळेत आहे. ती एकदा म्हणाली, "मामा, डिक्शनरीत एम्ब्रॉयडरी म्हणजे सुईदोऱ्याने कापडावर केलेली नक्षी. आणि कुणी गोष्टीत पदरचं घालून सांगितलं ना, तर त्यालाही हाच शब्द आहे." तिच्या आईबद्दल मी इथे लिहितो आहे. पदरचं काही घालणार नाही.

तिची आई म्हणजे माझी धाकटी बहीण. भरतकाम ती आमच्या आईकडून शिकली. आई खान्देशातून आली तेव्हा हे काम हातात घेऊनच आली होती. बहिणीचा हातखंडा गाठीच्या टाक्यात. सुईला दोऱ्याचे वेढे द्यायचे, ओढायचं, की मोहरीएवढी गाठ बसते. अशा गाठी एकमेकींना खेटून घातल्या की बाभळीचं फूल होतं, पिवळा मऊ गोंडा. सुरतेत जन्मलेल्या मुलीने बाभूळ पाहिली ती गावी सुट्टीला जाऊन, तेवढीच.

स्थळ आलं सुरतेतल्याच कोसाडहून. बायोडाटा मीच टाइप केला होता, छंदाच्या रकान्यात 'एम्ब्रॉयडरी' लिहिलं होतं. मुलाची आई पाहायला आली तेव्हा तिने तेवढंच धरलं.

"हातवर का मशीनवर?"

"हातावर," बहीण म्हणाली.

"मंग रुखवतमा देखसूत." रुखवतात बघूच, म्हणून ती हसली. आमच्यात नवरीच्या हातच्या वस्तू मांडवात मांडतात आणि सासरच्या बायका एकेक उचलून पारखतात. पारखतात म्हणजे आधी उलटून पाहतात. हाताचं काम मागूनही त्याच रंगाचं दिसतं. मशीनच्या कामाला मागून पांढरा बॉबिनचा दोरा धावलेला असतो.

मला हे ठाऊक नव्हतं असं कसं म्हणू? बॉबिन हेच माझं पोट. पण पंच करणारा माणूस कापडाची सुलटी बाजूच बघतो. मागची बाजू आमच्या लेखी नसतेच.

बहिणीने पलंगपोस केला. पांढरं सुती कापड, त्यावर विखुरलेली बाभळीची फुलं, मधे भरपूर मोकळी जागा. मला ती मोकळी जागा टोचायला लागली. शेठ येणार, युनिटमधली माणसं येणार, आणि मास्टरच्या बहिणीचं रुखवत एवढंसंच? "इस्त्री मारून आणतो," म्हणालो आणि उचलून युनिटवर नेला. स्कॅन केला. फुलांच्या मधे पानं भरली, वेली भरल्या, चमकता दोरा लावला आणि मशीनने साटिनच्या नव्या कापडावर काढला. रुखवतात तो ठेवला. तिचा युनिटवरच राहिला.

मांडवात विहीणबाई आल्या, पलंगपोसावरून हात फिरवला, वा म्हणाल्या आणि उलटला.

"हाई ते मशीनवरलं शे!" त्यांनी तो तसाच उलटा धरून सगळ्यांना दाखवला. "हातवर म्हने! पोरगी खोटारडी निघनी वं माय!"

बायका हसल्या. कुणीतरी म्हणालं, "मास्टरची बहीण ना, कारखानाच आणलाय रुखवतात." बहीण हळदीच्या साडीत उभी होती. तिने पलंगपोस पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं.  मी एक वाक्य बोलायचं होतं. शेजारी शेठ उभे होते, "डिझाइन मस्त छे" म्हणत होते, आणि मी त्यांच्यासाठी खुर्ची आणायला गेलो.

लग्नानंतर युनिटवर गेलो तर तिचा पलंगपोस चिंध्यांच्या ढिगात होता. कुणीतरी त्याने मशीनचं तेल पुसलं होतं. पहिल्या दिवाळीला ती माहेरी आली तेव्हा विचारलं, "भाऊ, माझा कुठे आहे?" मी म्हणालो, "आहे, ठेवलाय जपून."

सासरी तिचं नाव पडलं मशीनवाली. भाजीत मीठ जास्त झालं तरी मशीनवाली, पाहुण्यांना ओळख करून देतानाही मशीनवाली. तिने पुन्हा सुई धरली नाही. आता घरबसल्या धागाकटिंग करते. आमच्यासारख्या युनिटमधून साड्यांचे गठ्ठे येतात, मशीनने मागे सोडलेले दोरे ती कात्रीने कापत बसते.

गेल्या महिन्यात मी कोसाडला गेलो आणि सांगितलं. विहीणबाई खाटेवर होत्या, त्यांना ऐकू कमी येतं. त्यामुळे मला ओरडून सांगावं लागलं, दारातल्या शेजारणींनीही ऐकलं. "मावशी, तो पलंगपोस मी बदलला होता. तिने हातानेच केला होता. ती खोटं बोलली नव्हती."

म्हातारी कोपराच्या आधाराने उठून बसली. मग म्हणाली, "मंग इतला वरीस मी कोणले बोलनू?"

बहीण खाली बसून दोरे कापत होती. तिने मान वर केली नाही. "आई, तुमची गोळी राहिली," म्हणाली आणि पाणी आणायला उठली.

खाली रिक्षापर्यंत ती सोबत आली. मी म्हणालो, तुझा पलंगपोस नाही राहिला. "माहीत आहे," ती म्हणाली. "त्या दिवाळीला तू जपून ठेवलाय म्हणालास ना, तेव्हाच कळलं. तरी दर राखीला वाटायचं, आज बोलशील."

मला रडू आलं. तिला नाही आलं.

"सांगितलंस, बरं झालं," ती म्हणाली. "आता पुढच्या वेळी येशील तेव्हा आधी फोन कर."

बहिणीच्या घरी मी कधी फोन करून गेलो नव्हतो. रिक्षावाल्याने मीटर पाडलं. त्यानंतर दोनदा मी तिला फोन लावला. दोन्ही वेळा भाचीनेच उचलला.